टिफ्रॅक ते जुहू : सॉफ्टवेअरची शाळा उभारणारे प्रा. नरसिंहन

अंधेरी, बोरिवली, मुलुंड किंवा घाटकोपर, कोणत्याही रेल्वे स्थानकाबाहेर पडले की संगणक प्रशिक्षण वर्गांच्या पाट्या दिसतात. या वर्गांच्या यादीत ‘सॉफ्टवेअर टेस्टिंग’ हा अभ्यासक्रम गेली अनेक वर्षे ठाण मांडून आहे. अभियांत्रिकीची पदवी हाती आहे, पण नोकरी नाही, अशा मुलामुलींना काही महिन्यांत कामाला लावणारा मार्ग म्हणून पालक मोठ्या आशेने त्याचे शुल्क भरतात. संध्याकाळच्या गर्दीत वर्गाची वही सांभाळत लोकल पकडणाऱ्या या विद्यार्थ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते, की सॉफ्टवेअर ही रीतसर शिकवण्याची विद्या आहे, हा विचार मुंबईत एका माणसाने चिकाटीने रुजवला आणि त्या विचारातून उभी राहिलेली संस्था याच उपनगरांत, जुहूच्या गुलमोहर क्रॉस रोड क्रमांक ९ वर आहे.

तो माणूस म्हणजे प्रा. रंगस्वामी नरसिंहन. भारतीय बनावटीच्या पहिल्या मोठ्या संगणकाचे शिल्पकार म्हणून त्यांचे नाव घेतले जाते आणि ते योग्यच आहे. मात्र त्यांच्या आयुष्याचा उत्तरार्ध पाहिला, तर यंत्रापेक्षा माणसे घडवण्याचे त्यांचे काम अधिक टिकाऊ ठरले, असे दिसते.

गिंडी ते कुलाबा

नरसिंहन यांचा जन्म १७ एप्रिल १९२६ रोजी मद्रासमध्ये झाला. गिंडीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून त्यांनी दूरसंचार अभियांत्रिकीची पदवी घेतली आणि पुढील शिक्षणासाठी अमेरिका गाठली. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत विद्युत अभियांत्रिकीतील पदव्युत्तर शिक्षण झाल्यावर त्यांनी वाट थोडी वळवली आणि इंडियाना विद्यापीठातून गणितात डॉक्टरेट मिळवली. तारा-नळ्यांची जाण आणि गणिताची शिस्त या दोन्ही गोष्टी एकाच माणसाकडे असणे त्या काळी दुर्मीळ होते. संगणक नावाच्या नव्या यंत्राला नेमक्या याच जोडीची गरज होती.

१९५४ मध्ये ते भारतात परतले आणि डॉ. होमी भाभा यांच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत दाखल झाले. संस्था तेव्हा गेट वे ऑफ इंडियाजवळच्या जुन्या यॉट क्लबच्या इमारतीत होती. कुलाब्याच्या टोकावरील तिच्या कायमच्या वास्तूचे काम नुकतेच सुरू झाले होते. देशात तोवर एकही इलेक्ट्रॉनिक संगणक नव्हता. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत ब्रिटनहून विकत घेतलेला देशातील पहिला संगणक आला तो १९५५ मध्ये. मुंबईत मात्र संगणक विकत न घेता स्वतःच बांधायचा, असे ठरले.

हा निर्णय धाडसाचा होता. नरसिंहन यांच्याभोवती जमलेला गट लहान होता. बहुतेक जण भौतिकशास्त्राचे पदवीधर होते आणि इलेक्ट्रॉनिक्स हा त्यांचा अभ्यासाचा विषय होता. नरसिंहन सोडले तर या मंडळींपैकी कोणाचेही या क्षेत्रातील शिक्षण परदेशात झालेले नव्हते. संगणकाची रचना करणे दूरच, बहुतेकांनी तो कधी वापरलाही नव्हता. शिकवणारे कोणी नव्हते आणि अभ्यासक्रम तर नव्हताच. जे शिकायचे ते नियतकालिकांतील लेख, अहवाल आणि हातातील सोल्डरिंगची लेखणी यांच्या आधारे.

आधी छोटे, मग मोठे

या गटाने अवलंबलेली पद्धत आजच्या टेस्टिंगच्या विद्यार्थ्यांनीही ध्यानात ठेवावी अशी आहे. पूर्ण आकाराचे यंत्र एकदम बांधायला न घेता त्यांनी आधी एक प्रायोगिक यंत्र उभारले. आपली मंडले आपल्या कल्पनेप्रमाणे चालतात की नाही, स्मृती आणि अंकगणिताचा भाग एकमेकांशी नीट बोलतात की नाही, हे आधी लहान प्रमाणावर पारखून घेतले. १९५६ मध्ये हे प्रायोगिक यंत्र चालू लागले आणि त्यावरून मिळालेल्या धड्यांच्या आधारे १९५७ मध्ये मोठ्या यंत्राच्या जुळणीला हात घातला गेला.

१९५९ च्या प्रारंभी जुळणी पूर्ण झाली आणि फेब्रुवारी १९६० मध्ये यंत्र रीतसर कार्यान्वित झाले. त्यात सुमारे २,७०० निर्वात नळ्या, १,७०० जर्मेनियम डायोड आणि १२,५०० रोधक होते. ४० बिटांचा एक शब्द, असे १,०२४ शब्द त्याच्या फेराइट कोअर स्मृतीत मावत. पुढे ही क्षमता दुप्पट करण्यात आली. आजच्या भाषेत सांगायचे, तर ती सारी स्मृती जेमतेम १० किलोबाइट होते. मोबाइलवरील एखादे साधे छायाचित्रही तिच्यात मावणार नाही. जानेवारी १९६२ मध्ये संस्थेच्या कुलाब्याच्या नव्या वास्तूचे उद्घाटन झाले तेव्हा पंतप्रधान पंडित नेहरूंनी या यंत्राचे नामकरण केले : टिफ्रॅक, म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा स्वयंचलित गणकयंत्र.

निर्वात नळ्यांच्या यंत्रावर काम करणाऱ्यांना एक प्रश्न रोज छळत असे. उत्तर चुकले, तर दोष कोणाचा? एखादी नळी क्षीण झाली आहे की आज्ञावली लिहिणाऱ्याच्या विचारातच खोट आहे? ही दोन कारणे वेगळी करण्यासाठी ज्यांचे उत्तर आधीच ठाऊक आहे अशा तपासणीच्या आज्ञावली चालवून पाहाव्या लागत. यंत्र निर्दोष ठरले, तरच माणसाच्या चुकीचा शोध सुरू होई. तपासणी हा तेव्हा स्वतंत्र व्यवसाय नव्हता. तो प्रत्येक संगणक अभियंत्याच्या दिनक्रमाचा भाग होता. टेस्टिंगच्या वर्गांत आज शिकवले जाणारे पहिले तत्त्वही हेच आहे : अपेक्षित उत्तर आधी लिहून ठेवा, मगच यंत्राला प्रश्न विचारा.

तयार होताच जुने

टिफ्रॅकच्या यशाला एक बोचरी किनार होती. ते कार्यान्वित होईपर्यंत पाश्चात्त्य देशांत निर्वात नळ्यांचा जमाना सरत आला होता आणि ट्रान्झिस्टरवर चालणारे संगणक बाजारात उतरले होते. पाच-सहा वर्षांच्या परिश्रमाने बांधलेले यंत्र उभे राहिले तेव्हाच मागे पडले होते. शास्त्रज्ञांना त्यावर भरपूर गणिते करता आली आणि काही वर्षे त्याने चोख काम केले. मात्र त्याच्या पाठीशी भाग बनवणारा उद्योग नव्हता आणि त्याच्यासारखी आणखी यंत्रे बनवणारा कारखानाही नव्हता. प्रयोगशाळेत एक संगणक बांधला, म्हणजे देशात संगणक उद्योग उभा राहिला असे होत नाही, हा धडा नरसिंहन यांनी स्वतःच्या अनुभवातून घेतला.

अनेकांनी अशा वेळी दुसरे, अधिक आधुनिक यंत्र बांधण्याचा हट्ट धरला असता. नरसिंहन यांचे लक्ष दुसरीकडे वळले. १९६१ ते १९६४ या काळात ते अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेत अभ्यागत शास्त्रज्ञ म्हणून होते. तेथे त्यांच्यापुढे आलेला प्रश्न भौतिकशास्त्राचा होता. बबल चेंबर या उपकरणातून मूलकणांच्या मार्गांची असंख्य छायाचित्रे निघत आणि ती डोळ्यांनी तपासण्यात माणसे थकून जात. हे काम संगणकाला शिकवता येईल का?

नरसिंहन यांनी सुचवलेला मार्ग मूलगामी होता. चित्र म्हणजे काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा नुसता ढीग नव्हे, त्याला वाक्यासारखी रचना असते, असे त्यांनी मांडले. रेषा, टोके आणि फाटे यांना शब्द मानावे आणि ते एकमेकांशी कसे जोडले जातात याचे व्याकरण लिहावे, म्हणजे चित्र केवळ ओळखण्याऐवजी त्याचे वर्णन करता येते. आकृती ओळखण्याच्या शास्त्रात पुढे ‘वाक्यरचनात्मक’ म्हणून नावारूपाला आलेल्या शाखेच्या आरंभीच्या प्रवर्तकांत त्यांची गणना होते. संगणकात खरा अवघड भाग लोखंड आणि तारांचा नसून वर्णनाचा आहे, ही जाणीव या कामातून पक्की झालेली दिसते. पुढे सॉफ्टवेअरविषयी त्यांनी जो आग्रह धरला, त्याचे मूळ येथे आहे.

कार्डांचे गठ्ठे आणि कागदावरची तपासणी

१९६४ मध्ये नरसिंहन परतले. त्याच वर्षी अमेरिकी साहाय्याच्या निधीतून कंट्रोल डेटा कंपनीचा सीडीसी ३६०० हा त्या काळातील अतिशय शक्तिशाली संगणक कुलाब्याला बसवण्यात आला. देशभरातील विद्यापीठे, प्रयोगशाळा आणि उद्योग यांनी आपापली गणिते घेऊन मुंबईला यावे, अशी ती व्यवस्था होती. यंत्र आले, पण ते चालवणारी माणसे कुठून आणायची? विद्यापीठांत संगणकशास्त्र हा विषय अजून रुजायचा होता. तेव्हा यंत्र चालवणाऱ्या गटालाच शिक्षकाची भूमिका घ्यावी लागली. फोरट्रान ही भाषा, आज्ञावलीची मांडणी, चुका शोधण्याची रीत हे सारे बाहेरून येणाऱ्यांना शिकवणे, हा संगणक केंद्राच्या कामाचाच एक भाग बनला.

त्या काळातील शिक्षणाला परिस्थितीनेच शिस्त लावली होती. आज्ञावली छिद्रे पाडलेल्या कार्डांवर उतरवायची, कार्डांचा गठ्ठा खिडकीत द्यायचा आणि आपली पाळी येऊन निकाल हाती पडेपर्यंत थांबायचे. एखादा स्वल्पविराम राहून गेला, तर सारी खेप वाया जाई. मोठ्या कष्टाने मुंबईला आलेल्या संशोधकाला हे परवडणारे नव्हते. म्हणून कार्डे देण्याआधी स्वतःच यंत्र होऊन कागदावर आज्ञावलीची एकेक ओळ चालवून पाहण्याची सवय लागे. शक्य असेल तर दुसऱ्याला वाचायला दिली जाई. कागदावरची ही तपासणी टेस्टिंगच्या शास्त्रात आजही मानाचे स्थान राखून आहे. आज्ञावली एकदाही न चालवता, केवळ जाणकारांनी एकत्र वाचून, तिच्यातील कितीतरी दोष बाहेर काढता येतात, हे नंतरच्या काळातील अभ्यासांनी दाखवून दिले.

संगणक वापरणाऱ्यांची संख्या वाढू लागली, तसे त्यांना एकत्र आणण्याची गरज भासली. १९६५ मध्ये कॉम्प्युटर सोसायटी ऑफ इंडिया स्थापन झाली आणि नरसिंहन तिचे पहिले अध्यक्ष झाले. या संस्थेचे मुख्यालय पुढे अंधेरी पूर्वेच्या एमआयडीसी परिसरात आले. कुलाब्यात सुरू झालेल्या या धाग्याचे एक टोक अशा रीतीने उपनगरात पोहोचले.

जानेवारी १९६६ मध्ये माँ ब्लाँ पर्वतावर झालेल्या विमान अपघातात डॉ. भाभांचे निधन झाले. ज्यांच्या विश्वासावर संगणक गट उभा राहिला होता, ते छत्र गेले. पुढील काळात धोरणे ठरवणाऱ्या समित्या, नव्या संस्थांची आखणी आणि सरकारी व्यवहार यांत नरसिंहन यांना बराच वेळ द्यावा लागला.

सॉफ्टवेअर नावाचे संकट

साठच्या दशकाच्या अखेरीस जगभरातील संगणकतज्ज्ञ एका अडचणीत सापडले होते. यंत्रे वर्षागणिक वेगवान होत होती, पण त्यांच्यावर चालणाऱ्या मोठ्या आज्ञावल्या वेळेवर पूर्ण होत नव्हत्या आणि पूर्ण झाल्याच, तर भरवशाच्या नव्हत्या. १९६८ मध्ये जर्मनीतील गार्मिश येथे भरलेल्या परिषदेने ‘सॉफ्टवेअर अभियांत्रिकी’ हा शब्द रूढ केला, तो याच पार्श्वभूमीवर. पूल बांधणारा अभियंता जसा आराखडा, गणित आणि तपासणी यांच्या शिस्तीने काम करतो, तसेच सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यानेही करावे, अशी ही मागणी होती.

भारतात प्रश्न वेगळाच होता. संगणक आला की नोकऱ्या जातील, ही भीती कामगार संघटनांत खोल रुजली होती आणि आयुर्विमा महामंडळातील संगणकांविरुद्ध आंदोलने झाली होती. स्वयंचलनाच्या प्रश्नाचा विचार करण्यासाठी केंद्र सरकारने ज्येष्ठ अर्थशास्त्रज्ञ प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि तिचा अहवाल १९७२ मध्ये आला. ज्या देशात लाखो पदवीधर बेकार आहेत, तेथे माणसांची जागा घेणारे यंत्र कशाला, हा सवाल खोटा नव्हता. परकीय चलनाच्या टंचाईमुळे यंत्रे आणणेही सोपे नव्हते.

अशा वातावरणात, सत्तरच्या दशकाच्या पूर्वार्धात, नरसिंहन यांच्या पुढाकाराने टाटा मूलभूत संशोधन संस्थेत एक नवे केंद्र सुरू झाले : नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर डेव्हलपमेंट अँड कॉम्प्युटिंग टेक्निक्स. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचे त्याला साहाय्य होते. या लांबलचक नावात यंत्राचा उल्लेख नाही, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. सॉफ्टवेअर विकसित करणे आणि संगणनाची तंत्रे, या दोनच गोष्टी त्यात आहेत. सॉफ्टवेअर ही यंत्रासोबत फुकट मिळणारी वस्तू आहे, अशी समजूत सार्वत्रिक असताना केवळ त्यासाठी राष्ट्रीय केंद्र काढणे, हा दूरदृष्टीचा निर्णय होता.

केंद्रात डेक सिस्टीम १० हा संगणक आला. सरकारी खाती, सार्वजनिक उपक्रम आणि खासगी कंपन्या यांतील अभियंत्यांसाठी तेथे अभ्यासक्रम चालत. मात्र ती केवळ शिकवणी नव्हती. शिकवणारे स्वतः संशोधन करत होते. अनेक प्रक्रिया एकाच वेळी चालवणाऱ्या कार्यप्रणालीची रचना त्यांनी उभी केली आणि त्या कामावर मथाई जोसेफ, व्ही. आर. प्रसाद आणि एन. नटराजन यांनी लिहिलेले पुस्तक १९८४ मध्ये आंतरराष्ट्रीय प्रकाशनाकडून प्रसिद्ध झाले. १९८१ मध्ये सॉफ्टवेअर तंत्र आणि संगणकशास्त्राचा सैद्धांतिक पाया या विषयांवर सुरू झालेली वार्षिक परिषद आजही देशातील या क्षेत्रातील प्रमुख परिषदांत गणली जाते. जो स्वतः शोधतो, त्यानेच शिकवावे, ही कुलाब्याची परंपरा नरसिंहन यांनी व्यावसायिक प्रशिक्षणातही उतरवली.

दोन खिडक्या, एक बर्थ

अशा सखोल प्रशिक्षणाची गरज का असते, हे एका साध्या गणिताने कळते. ३२ बिटांच्या दोन संख्यांची बेरीज करणारी छोटी आज्ञावली घ्या. सर्व शक्य जोड्या तपासून ती बिनचूक असल्याची खात्री करायची ठरवली आणि सेकंदाला १०० कोटी जोड्या तपासल्या, तरी काम संपायला सुमारे ५८५ वर्षे लागतील. म्हणजेच सर्व काही तपासणे अशक्य आहे. टेस्टिंग म्हणजे निवड. कोणत्या थोड्या जोड्या तपासल्या असता सर्वांत जास्त दोष सापडतील, हे ठरवणे हीच ती कला. शून्याजवळच्या, मर्यादेच्या काठावरच्या किमती का निवडायच्या, आज्ञावलीच्या आत डोकावून तिच्या वाटा का मोजायच्या, बाहेरून केवळ मागणी आणि उत्तर का पडताळायचे, एक दोष दुरुस्त केल्यावर जुन्या सर्व चाचण्या पुन्हा का घ्यायच्या, या प्रत्येक ‘का’चे उत्तर आज्ञावलीच्या रचनेत दडलेले असते. ती रचना न समजता पाठ केलेली तंत्रे पुढच्या प्रकल्पात निरुपयोगी ठरतात.

मुंबईकराला पटेल असे दुसरे उदाहरण रेल्वेच्या आरक्षणाचे. बोरिवली आणि मुलुंड येथील दोन खिडक्यांवरील कारकुनांनी एकाच क्षणी एकाच गाडीतील शेवटचा बर्थ मागितला, तर काय होईल? एका वेळी एकच खिडकी चालवून कितीही चाचण्या घेतल्या, तरी हा दोष दिसणार नाही. तो दिसतो दोन गोष्टी एकाच वेळी घडतात तेव्हा, आणि तोही कधीतरीच. अशा प्रणालीत बिनचूकपणा आराखड्यातच घालावा लागतो, चाचणी नंतर येते.

हे उदाहरण काल्पनिक असले, तरी नरसिंहन यांच्या आयुष्याशी त्याचा संबंध आहे. १९७५ मध्ये केंद्र सरकारने कॉम्प्युटर मेन्टेनन्स कॉर्पोरेशन, म्हणजेच सीएमसी ही कंपनी स्थापन केली. नरसिंहन तिचे संस्थापक अध्यक्ष होते. परकीय भांडवलाच्या नियमांवरून झालेल्या वादानंतर १९७८ मध्ये आयबीएमने भारत सोडला आणि देशातील तिच्या संगणकांच्या देखभालीची जबाबदारी या कंपनीने पेलली. परदेशी कंपनीचे तंत्रज्ञ गेल्यावर यंत्रे बंद पडतील, ही भीती खरी ठरली नाही. त्याच सीएमसीने पुढे रेल्वेच्या प्रवासी आरक्षणाची संगणकीय प्रणाली तयार केली. १९८५-८६ मध्ये दिल्लीत तिचा आरंभ झाला आणि नंतर ती मुंबईसह इतर महानगरांत आली. ज्या यंत्राने नोकऱ्या जातील अशी धास्ती होती, त्याचा सामान्य माणसाला आलेला पहिला सुखद अनुभव बहुधा आरक्षणाच्या रांगेतलाच. सीएमसी २००१ मध्ये टाटा समूहाकडे गेली आणि २०१५ मध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसमध्ये विलीन झाली.

जुहूचा पत्ता

१९८५ मध्ये कुलाब्याच्या केंद्रातून नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी, म्हणजे एनसीएसटी ही स्वायत्त संस्था जन्माला आली. जुहू हा तिचा पत्ता झाला. नरसिंहन यांच्या गटात तयार झालेले डॉ. श्रीनिवासन रमणी तिचे संचालक झाले. १९८६-८७ च्या सुमारास जुहूचे हे केंद्र आणि पवईचे आयआयटी यांच्यात टेलिफोनच्या तारेवरून ई-मेलची देवाणघेवाण सुरू झाली. देशातील शैक्षणिक संगणक जाळ्याचा हा ओनामा उपनगरांतील दोन ठिकाणांमध्ये घडला.

एनसीएसटीने प्रशिक्षणाचा वसा पुढे नेला. सॉफ्टवेअर तंत्रज्ञानातील तिचा पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रम आणि ‘कॉम्पिटन्स इन सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी’ ही परीक्षा नव्वदच्या दशकातील अनेक तरुणांना परिचित होती. कोणत्या वर्गात शिकलात याला महत्त्व नव्हते. काय येते, हे पाहणारी ती परीक्षा होती. एव्हाना अंधेरीच्या सीप्झमध्ये सॉफ्टवेअर निर्यातीने जोर धरला होता. १९७३ मध्ये इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या निर्यातीसाठी स्थापन झालेल्या या क्षेत्रात सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून सॉफ्टवेअर कंपन्या आल्या होत्या. शतक बदलताना तारखेच्या दोन अंकांमुळे उद्भवलेल्या ‘वायटूके’ प्रश्नाने तपासणी हे स्वतंत्र काम म्हणून किती मोठे असू शकते, हे उद्योगाला दाखवले. आंतरराष्ट्रीय पातळीवर टेस्टिंगची प्रमाणपत्रे देणारे मंडळ २००२ मध्ये स्थापन झाले आणि पाठोपाठ उपनगरांतील वर्गांच्या पाट्यांवर त्या प्रमाणपत्राचे नाव झळकू लागले.

मूल कसे शिकते

संस्था उभारणीच्या या धबडग्यात नरसिंहन यांच्यातील संशोधक हरवला नाही. त्यांचा विषय मात्र बदलला. माणूस भाषा कशी शिकतो, याचा त्यांना ध्यास लागला. १९८१ मध्ये भाषिक वर्तनावरील त्यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले. आर. वैद्यनाथन यांच्यासह त्यांनी तमिळ बोलणाऱ्या घरातील लहान मूल आणि मोठी माणसे यांच्यातील संभाषणांच्या नोंदी करून त्यांचा अभ्यास केला. त्या नोंदी आजही जगभरातील भाषा-अभ्यासकांना उपलब्ध आहेत. मूल व्याकरणाचे नियम पाठ करत नाही. ते बोलण्याचा प्रयत्न करते, मोठी माणसे प्रतिसाद देतात, दुरुस्त करतात, नमुना पुढे ठेवतात आणि या देवाणघेवाणीत भाषा घडते. लिहिण्या-वाचण्यामुळे माणसाच्या विचारात काय फरक पडतो, या प्रश्नावरही त्यांनी पुष्कळ लिहिले. कृत्रिम बुद्धिमत्तेबाबत त्यांची भूमिका सावध होती. बुद्धी केवळ चिन्हांच्या उलाढालीत शोधू नये, परिस्थितीत वावरणाऱ्या आणि कृती करणाऱ्या जिवाच्या वर्तनात शोधावी, असे त्यांचे प्रतिपादन होते. या विषयावरचे त्यांचे पुस्तक २००४ मध्ये, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी प्रसिद्ध झाले.

१९७७ मध्ये त्यांना पद्मश्रीने गौरवण्यात आले. १९९० मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्थेतून निवृत्त झाल्यावर ते बंगळुरूला स्थायिक झाले आणि तेथेही लेखन-संशोधन करत राहिले. ३ सप्टेंबर २००७ रोजी त्यांचे निधन झाले.

प्रमाणपत्राचे आयुष्य

नरसिंहन यांच्या आयुष्यातील सर्वांत मोठे यंत्र कार्यान्वित होतानाच कालबाह्य झाले होते. त्यावर शिकलेली माणसे मात्र कालबाह्य झाली नाहीत. तीच मंडळी सीडीसीवर गेली, नंतर डेक सिस्टीमवर गेली, पुढे त्यांनी संगणकांची जाळी विणली आणि पुढच्या पिढीला शिकवले. कारण त्यांना एका यंत्राची कळ शिकवलेली नव्हती. यंत्राला चालवणारा विचार त्यांनी स्वतः चुका करून आणि त्या शोधून आत्मसात केला होता.

उपनगरांतील वर्गांत बसणाऱ्या मुलामुलींसाठी हा इतिहास कुतूहलापुरता नाही. ज्या साधनाची कळ दाबायला शिकण्यासाठी घरातील बचत खर्ची पडते, ते साधन दोन-चार वर्षांत बदलते. हाताने करायच्या चाचण्यांची जागा स्वयंचलित चाचण्यांनी घेतली आणि आता चाचण्या लिहिण्याचे कामही कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने करू लागली आहेत. केवळ साधन शिकलेल्याची नोकरी साधनाबरोबर जाते. काय तपासायचे आणि का, हे ज्याला उमगले आहे, त्याला नवे साधन काही आठवड्यांत हाताळता येते. शुल्क भरण्याआधी वर्गचालकाला विचारावा असा प्रश्न इतकाच : येथे कळ शिकवणार की कारण?

एनसीएसटी हे नाव २००३ मध्ये सी-डॅकमधील विलीनीकरणानंतर मागे पडले. टिफ्रॅकच्या नळ्या विझूनही आता सहा दशके उलटली. जुहूच्या गुलमोहर क्रॉस रोडवरील केंद्रात मात्र शिकवणे थांबलेले नाही.